इंजिनाकडे तोंड करून बसणारे हनीफभाई

दसरा झाला की हनीफभाई आपल्या दुकानात नारिंगी लाइफ जॅकेट घालून बसतात.

दुकान डोणगावात आहे. इथून समुद्र गाठायचा तर तीन बसगाड्या बदलाव्या लागतात आणि दोन दिवस कंबर धरून बसावं लागतं. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, बोअर आणि त्यांच्यावर बसवलेल्या मोटारी. त्या जळाल्या की हनीफभाई त्यांची तार नव्यानं गुंडाळून देतात. जॅकेट घालून, मांडीवर मोटार घेऊन, तांब्याची तार गुंडाळत बसलेला हा साठीचा माणूस मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा बदली होऊन येऊन मला पंधराच दिवस झाले होते. शाळेत कारकून म्हणून आलो होतो आणि नेमकं त्यांच्या शेजारीच घर मिळालं होतं.

"हे काय, हनीफभाई?"

"आदत पाडून राह्यलो, बाबू. तिथी जाऊन एकदम घातलं तं काखेत कचते."

"तिथी म्हणजे कुठे?"

"समुद्रावर. डॉल्फिन पाहाले चाल्लो."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण आठव्या दिवशी त्यांनी खरंच दुकानाला कुलूप लावलं आणि जॅकेट अंगावर तसंच ठेवून मेहकरची बस धरली. कंडक्टरनं त्यांना तिकीट देताना दोनदा वरून खाली पाहिलं म्हणे.

हा जायचा मोसमही असा निवडलेला, की ऐकणाऱ्यानं कपाळावर हात मारावा. सोयाबीन निघालेलं असतं, हरभरा पेरायचा असतो, साऱ्या तालुक्याच्या मोटारी एकाच आठवड्यात चालू होतात आणि एकाच आठवड्यात जळतात. वर्षभराचं काम तेव्हाच असतं. दुकानासमोर शेतकरी मोटारी घेऊन उभे आणि हे जॅकेटचे पट्टे आवळताहेत.

"हनीफभाई, पेरणी झाली, मोटार जळेल हाये, अन् तुमी काऊन चाल्ले?"

"आठ रोज थांब बे. हरभरा पळून जात नाई. डॉल्फिन पळते."

आणि इतकं करून या माणसानं इतक्या वर्षांत एकही डॉल्फिन पाहिला नव्हता. दर साली परत आले की गल्ली विचारायची, "दिसला का?" हे म्हणायचे, "नाई दिसला. पण इंजिन चांगलं होतं."

त्यांना जग कानानं कळायचं. डोळ्यांवर त्यांचा भरवसाच नव्हता. गिऱ्हाईक मोटारीबद्दल सांगायला लागलं की हात वर करून म्हणायचे, "तू चूप राह्य, तिले बोलू दे." मग मोटार सुरू करून डोळे मिटायचे. निकाल बहुतेक वेळा एकच लागायचा: "बेअरिंग गेली." हा निकाल मोटारीपुरता राहिला असता तर चाललं असतं. आमच्या मुख्याध्यापकांचं भाषण लाउडस्पीकरवरून त्यांच्या दुकानापर्यंत पोचायचं, तेव्हाही हेच. माझा गुडघा दुखायला लागला तेव्हा त्यांनी मला तीनदा उठाबशा काढायला लावल्या, कान लावून ऐकलं आणि माझ्या बायकोला सांगितलं, "वैनी, याची बेअरिंग गेली. ग्रीस लावून आता काई फायदा नाई." पुढे डॉक्टरनं मोठमोठ्या शब्दांत तेच सांगितलं.

घरी ते एकटे. बायको मी येण्याआधीच वारली होती. मुलगा बाहेर असतो, एवढं गल्ली सांगायची आणि पुढे विषय बदलायची.

मागच्या पावसाळ्यात हनीफभाई दुकानात चक्कर येऊन पडले. रक्तदाब निघाला. डॉक्टरनं एकट्यानं प्रवास करायला मनाई केली. मला वाटलं, सुटलं एकदाचं. पण दसरा झाला आणि जॅकेट खुंटीवरून उतरलं. गल्लीनं बैठक घेऊन ठरवलं की बाबूनं सोबत जावं. मला समुद्राचं काडीचं कौतुक नव्हतं. पण माझ्याकडे रजा शिल्लक होती, आणि हे माझ्या बायकोनंच गल्लीला सांगितलं होतं.

गेलो. कोकणातलं एक खाडीकाठचं गाव. पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या बोटी नुकत्याच पाण्यात उतरल्या होत्या. पर्यटकांचे घोळके येत होते. ऊन आमच्यासारखंच, फक्त घाम वाळत नव्हता. ओल्या वाळूवर तांबडे खेकडे पसरलेले असायचे, पाऊल वाजलं की सगळे एकदम बिळात. खाडीच्या चिखलात खारफुटीच्या मुळांशी निवटे नावाचे चिमुकले मासे उड्या मारायचे. पांढऱ्या डोक्याची तपकिरी घार पाण्यावर झेप घ्यायची आणि मासा घेऊन उठायची. मी, ज्याला काही कौतुक नव्हतं, तो तोंड उघडं टाकून पाहत राहिलो. आणि ज्यानं मला तिथवर ओढत नेलं होतं, तो वाळूत बसून बोटींची इंजिनं ऐकत होता.

"डॉल्फिन, डॉल्फिन! चला काका," एकेक बोटवाला हाका मारायचा.

"नाई. हिची बेअरिंग गेली."

दुसरी आली. "हिले दम लागते."

तिसरी. "ही खोकून राह्यली."

असे दोन दिवस गेले. दोन दिवस! मी उन्हात भाजून निघालो. किनाऱ्यावर आमची बदनामी झाली. एक बोटवाला तर मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमच्या काकांना बोटीत बसायचंय की बोट विकत घ्यायचीय?" मी मनात ठरवलं, उद्या सकाळी यांना बसमध्ये कोंबायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी खाडीच्या वळणावरून एक निळी बोट आली. हनीफभाई ताडकन उठले. "ही."

"हिचं इंजिन चांगलं आहे?"

"हाव."

मला तर त्या इंजिनाचा आवाज आधीच्या सगळ्यांपेक्षा वाईट वाटला. पण गुडघ्याच्या प्रकरणापासून मी त्यांच्या कानाशी वाद घालत नव्हतो.

बोटीत नाशिककडचं एक कुटुंब होतं आणि आम्ही दोघं. बोटवाला मागे, इंजिनाचा दांडा धरून. तिशीचा, उन्हानं रापलेला, डोक्यावर टोपी. "सगळ्यांनी पुढे तोंड करून बसा," तो म्हणाला. सगळे तसे बसले. हनीफभाई मात्र सरळ मागच्या फळीवर गेले आणि समुद्राकडे पाठ, इंजिनाकडे तोंड करून बसले. त्यांना तो काही बोलला नाही.

मला लाजच वाटली. एवढ्या लांबून येऊन माणूस इंजिन बघत बसतो! या माणसाला इतक्या वर्षांत डॉल्फिन का दिसला नाही, याचं उत्तर मला पहिल्या पाच मिनिटांत मिळालं.

बोट खाडीच्या मुखातून बाहेर पडली. पाणी हिरव्याचं निळं झालं. बोटवाल्यानं वेग वाढवला तसे पाण्याचे शिंतोडे तोंडावर आले, नाशिकच्या बाई ओरडल्या आणि मी आयुष्यात पहिल्यांदा विनाकारण हसलो. मग त्यानं वेग कमी केला. "डावीकडे बघा. पाठ दिसेल."

दिसली. काळसर, ओली, चकचकीत. एक, मग आणखी दोन. फस्स करून श्वास सोडला त्यांनी.

"हनीफभाई, मागं वळा! तुमच्या मागंच आहेत!"

"आयकू आलं," ते म्हणाले. "पंपातली हवा निघते तसा आवाज हाये." वळले मात्र नाहीत.

परतीच्या वाटेवर इंजिन खोकलं, दोन आचके दिले आणि बंद पडलं. चारी बाजूंना पाणी. नाशिकच्या बाईंनी देवाचं नाव घेतलं. मी म्हटलं, हरकत नाही, आपल्याकडे अख्ख्या तालुक्याचा मिस्त्री आहे. हनीफभाई अर्धवट उठलेही होते. त्यांचे दोन्ही हात पुढे आले होते. पण तसेच थांबले आणि पुन्हा खाली बसले.

बोटवाल्यानं झाकण काढलं. एक पाना घेतला, काहीतरी खोललं, फडक्यानं पुसलं, फुंकलं, परत बसवलं. ज्या माणसाला दुसऱ्याची शिलाई मशीन दुरुस्त होताना पाहूनही गप्प बसवत नाही, तो ओठ घट्ट मिटून, गुडघे धरून बसला होता. बोटवाल्यानं दोरी ओढली. इंजिन सुरू झालं. अगदी साफ.

"बराबर केलं," हनीफभाई माझ्याकडे न बघता पुटपुटले. "पाह्यलं तुमी, बाबू? बराबर केलं त्यानं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. समुद्राचं खारं पाणी उडालं असेल असं मला वाटलं, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं.

बोट धक्क्याला लागली. यंदा तिथे नवा सिमेंटचा धक्का बांधला होता, पायऱ्या होत्या, पायऱ्यांना लोखंडी कठडा. नाशिकची मंडळी कठडा धरून वर गेली. मी गेलो. हनीफभाई सगळ्यांत शेवटी उठले, बोटीच्या काठाशी येऊन क्षणभर थांबले. बोटवाला इंजिनाशी वाकला होता. त्यानं मान वर केली नाही. मग हनीफभाई कठडा धरून वर आले.

वर येऊन ते एका पायरीवर बसले. मीही बसलो. मग ते म्हणाले, "थो आसिफ हाये. माहा पोरगा."

मी खाली बोटीकडे पाहिलं.

"दुकानात शिकत होता. एक मोटार जळवली त्यानं. मी चार गिऱ्हाइकांसमोर त्याच्या थोबाडीत देल्ली. म्हटलं, तुह्या हाताले काई येत नाई, चाल निंघ. निंघला." ते कठड्याचा ताजा रंग नखानं खरवडत होते. "मंग त्याची माय गेली. नंबर होता माह्यापाशी. नाई लावला. म्हटलं, गेलाय नं तू, मंग कायले सांगू? दुपारच्या नमाजाले दफन करून टाकलं. त्याले आठ रोजानं दुसऱ्याकडून समजलं. कब्रस्तानातूनच परत गेला. घरी आलाच नाई."

"आणि इथे?"

"सात सालापासून येतो. थो वळख देत नाई. मी बी मांगत नाई. कोन्या तोंडानं मांगू?"

तेवढ्यासाठी माणूस एवढा प्रवास करतो? तासभर एकमेकांसमोर बसायला, तेही न बोलता?

"इथी पयले धक्का नव्हता," हनीफभाई सांगत होते. "गुडघाभर पाण्यात उतरा लागे. बोट हालते, माणूस पडन म्हनून थो हात दे. सगळ्याले दे. मले बी दे. मी मुद्दाम आखरीले उतरत जाओ." कठड्यावरून त्यांनी तळवा वरपासून खालपर्यंत फिरवला. "औंदा हे केलं. चांगलं केलं. म्हाताऱ्या माणसाले सोय झाली."

"हनीफभाई, मी बोलू का त्याच्याशी? नाहीतर पुन्हा बसू या त्याच्या बोटीत. आत्ताच."

"नाई, बाबू. दोनदा बसलो तं त्याले वाटन, बुढा पिच्छा करून राह्यला. मंग पुढच्या साली बोट दुसऱ्या गावी नेन थो."

खाली नवे पर्यटक आले होते. ते एकेक करून कठडा धरून बोटीत उतरत होते आणि आसिफ मोकळ्या हातांनी बाजूला उभा होता.