विहीरआळीला यंदा आडवं करायचंच

शेजाऱ्याशी वैर नसेल तर माणसाला घराबाहेर पडायला काही कारण उरत नाही. ज्या गावात वैर टिकलं, ते गाव टिकलं. वसईच्या आमच्या भागात हे वैर माडभाट आणि विहीरआळी या दोन वस्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं आहे. मध्ये एक गल्ली आहे. गल्लीची रुंदी एका रिक्षाएवढी, त्यामुळे समोरून दुसरी रिक्षा आली की वैराला रोज नव्याने सुरुवात करता येते.

येत्या रविवारी संध्याकाळी चार वाजता, फर्डिनंड सरांच्या शेतात, माडभाट टायगर्स विरुद्ध विहीरआळी शार्क्स असा अमेरिकन फुटबॉलचा सामना होणार आहे. (विहिरीत शार्क कसा, हा प्रश्न समितीपुढे आहे.) दोन्ही संघ वसई पश्चिम डिव्हिजनमध्ये मोडतात. डिव्हिजनमध्ये हे दोनच संघ असल्याने दोघेही दर वर्षी पहिल्या दोनांत येतात, आणि अशी सातत्यपूर्ण कामगिरी खुद्द अमेरिकेतल्या एकाही संघाला जमलेली नाही.

अमेरिकन फुटबॉलच का, असं बाहेरचे लोक विचारतात. पूर्वी आम्ही साधा फुटबॉल खेळायचो, देवळामागच्या (म्हणजे चर्चमागच्या) मैदानात. पण चेंडू एकीकडे राहायचा आणि खेळाडू एकमेकांना पाडत सुटायचे. कुणाला बांधावरचा फणस आठवायचा, कुणाला लग्नाचं न आलेलं आमंत्रण. शेवटी फादर म्हणाले, "एकमेकांना पाडणार असाल, तर हा खेळ बंद." आज्ञा मोडणं आमच्यात बसत नाही. म्हणून ज्या खेळात पाडणं हाच नियम आहे, तो आम्ही शोधून काढला. स्टॅनी तेव्हा बोटीवरच्या नोकरीतून परत आला होता आणि त्याच्या बॅगेत कच्च्या पपईएवढा एक चेंडू होता. घरच्यांनी तो आठवडाभर शोकेसमध्ये ठेवला होता.

खेळाचे नियम सोपे आहेत. एकाने चेंडू घेऊन पळायचं, बाकीच्यांनी त्याला आडवं करायचं, आणि मग सगळ्यांनी घोळका करून चर्चा करायची. चर्चेला खेळाच्या तिप्पट वेळ मिळतो. हे समजल्यावर दोन्ही वस्त्यांनी खेळ एकमताने स्वीकारला.

मैदान फर्डिनंड सरांचं. सर शाळेत पीटी शिकवायचे, आता निवृत्त आहेत आणि टायगर्सचे प्रशिक्षक आहेत. भात कापून झालं की शेत मोकळं होतं आणि आमचा मोसम सुरू होतो. शेताची लांबी आंतरराष्ट्रीय मापात भरत नाही, म्हणून शेवटचे काही यार्ड शेजारच्या टॉवरच्या पार्किंगमध्ये आहेत असं धरून चालतो. (पार्किंगवाल्यांना याची कल्पना दिलेली नाही.) खांद्याचं संरक्षण जुन्या सोफ्याच्या फोमचं. डोक्याला मोटारसायकलचं हेल्मेट. वसईत हेल्मेट ही गाडीच्या आरशाला लटकवायची वस्तू आहे. ते डोक्यावर पाहायचं असेल तर वर्षातून हा एकच दिवस.

आता संघांच्या बलाबलाकडे वळू.

टायगर्सची मुख्य ताकद जॉयस. ती विमा कंपनीत नोकरी करते, पण वाडीतली शहाळी टेम्पोत भरताना ती वडिलांच्या हातून घेऊन थेट टेम्पोतल्या माणसाच्या हातात फेकण्याचा तिला लहानपणापासून सराव आहे. तिने फेकलेला चेंडू हवेत असताना पाहणारा आपोआप हात पुढे करतो. तो झेलायला जितेश, पाचूबंदरचा मच्छीमार. हातातून ओला मासा सुटत नाही तिथे चेंडू काय सुटणार! अट एकच. भरतीला जोर नसलेले जे भांगेचे दिवस, तेव्हाच त्याची होडी किनाऱ्यावर असते. म्हणून सामन्याची तारीख समिती ठरवत नाही, चंद्र ठरवतो. जितेशने फोनवर एका वाक्यात करार केला, "भांग हाय तवर खेलतो, पानी वाढला का मी निंगालो." यंदाचा रविवार भांगेचाच आहे.

पळण्याची जबाबदारी आग्नेलवर. वेग उत्तम, पण समोर शार्क्सचा इग्नेशियस उभा राहतो, आणि इग्नेशियस हा आग्नेलचा धर्मपिता. ज्याने बाप्तिस्म्याला आपल्याला हातावर धरलं, त्याच्या पोटात डोकं कसं घालायचं? गेल्या वर्षीचा निर्णायक क्षण मी स्वतः दोन हातांवरून पाहिला.

"आग्नेल बेटा, हळू ये. सकाळीच कमरेची गोळी घेतलीय."

"काका, तुम्ही आधी खाली बसा. मग मी जातो."

आग्नेलने चेंडू काखेत धरून त्यांना हात देऊन बसवलं. तेवढ्यात मागून चौघांनी त्याला आडवं केलं. इग्नेशियस बसल्या जागेवरून "अरे, हळू रे त्याला!" असं आपल्याच संघावर ओरडत होते. दोन्ही संघांत मिळून ज्यांचं एकमेकांशी काहीच नातं लागत नाही अशी जोडी गेल्या वर्षापर्यंत सापडलेली नव्हती. त्यामुळे आमच्याकडे पाडण्याआधी तब्येतीची चौकशी होते, आणि सामना लांबतो.

आजवरचा इतिहास बरोबरीचा आहे. टायगर्स पाच वेळा जिंकले, शार्क्स पाच वेळा. एका सामन्याचा निकाल प्रलंबित आहे, कारण चेंडू विहिरीत पडला आणि त्या वेळी तो आपल्याच ताब्यात होता असं दोन्ही संघांचं म्हणणं आहे.

प्रत्येक सामन्याच्या अंदाजात जखमी खेळाडूंची यादी द्यायची पद्धत आहे. आमच्या संघात जखमी कुणीही नाही. आमच्याकडे व्हिसा होतो. लक्षणं साधारण सारखीच असतात: आधी खेळाडू इंग्रजीचे क्लास लावतो, मग फोटो काढायला पांढरी भिंत शोधतो, मग सरावाला येईनासा होतो. गेल्या मोसमापासून टायगर्सचे दोघे कॅनडात बाहेर, एक आयर्लंडमध्ये बाहेर, एक बोटीवर असल्याने नक्की कुठे बाहेर ते सांगता येत नाही. यातून आजवर एकही खेळाडू बरा होऊन परतलेला नाही. स्टॅनी हा अपवाद, पण त्याला बोटीवर जेवण आवडलं नव्हतं.

मात्र निराश होण्याचं कारण नाही, कारण खेळाडू जितके घटतात तितके चाहते वाढतात. बाहेर गेलेला प्रत्येक जण तिथे पोचल्याच्या दिवशी चाहता होतो. टायगर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आज चारशे सभासद आहेत. ब्रॅम्प्टनहून डावपेच येतात, दुबईहून संघनिवड येते, मेलबर्नहून फर्डिनंड सरांची मुलगी सुझान हात जोडल्याची चित्रं पाठवते. दर चाहत्यामागे इतका अभ्यास आणि दर अभ्यासामागे इतके कमी पाय दुसऱ्या कुठल्याही संघाकडे नसतील. मीही याच अभ्यासू वर्गातला. सामन्याचा अंदाज लिहायचं काम पहिल्या वर्षापासून माझ्याकडे आहे आणि तो एकदाही बरोबर आलेला नाही.

यंदा मात्र अंदाज लिहिणं जड जातंय, त्याचं कारण सांगतो.

फर्डिनंड सर आणि त्यांची बायको क्लारा यांच्यात जुना ठराव आहे. ज्या वर्षी टायगर्सचे अकरा जण उभे राहणार नाहीत, त्या वर्षी शेत विकायचं आणि मुलीकडे जायचं. शेजारचा टॉवर बांधणारे लोक अधूनमधून येऊन शेताच्या कडेला उभे राहतात आणि फार आदराने आभाळाकडे बघतात. सर त्यांना चहा देतात आणि म्हणतात, "आमची मॅच असते हो इथे." मॅच हे एवढं एकच कारण त्यांच्याकडे आहे. कारण संपलं की शेत संपलं.

सोमवारी मला धरून आमचे बरोबर अकरा होते. गुरुवारी एरॉलचा व्हिसा आला, विमान शनिवारचं. त्याची आई ॲंजेला पेढे घेऊन दारोदार फिरली. सरांनी पेढा घेतला, एरॉलच्या डोक्यावर हात ठेवून "नाव काढ" म्हणाले, आणि व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसून राहिले. पेढा संध्याकाळपर्यंत हातातच होता. मला फार वाईट वाटलं. हे वाक्य उपरोधाने वाचू नये.

दहा जण तरी कसे, हेही सांगायला हवं. दहावा मी आहे. वय एकसष्ट, डावा गुडघा शोभेचा. जॉयसने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "अंकल, एवढी वर्षं लिहिताय ना कसं खेळायचं ते? मग या."

शार्क्सचे अकरा आहेत. त्यांनी एक संशयास्पद चाल खेळली: टॉवरमध्ये राहायला आलेल्या आर्या नावाच्या मुलीला त्यांनी सरळ जाऊन विचारलं. ती मूळची साताऱ्याकडची, कॉलेजात कबड्डी खेळलेली. ती लगेच हो म्हणाली. मुख्य म्हणजे तिचं इथे कुणाशीच नातं नाही, त्यामुळे ती कुणाच्याही तब्येतीची चौकशी न करता पाडते. सरावात तिने स्वतःच्याच संघाचे तिघे आडवे केले. नात्यागोत्याशिवाय पाडणं हे आमच्या खेळाच्या परंपरेत बसतं का, यावर ग्रुपवर दोन दिवस चर्चा झाली. टॉवरमध्ये जाऊन आपणही कुणाला तरी विचारावं, असं त्या चर्चेत एकालाही सुचलं नाही.

शुक्रवारी मग मी आणि जॉयस गेलो. चौथ्या मजल्यावर सदानंद राहतात. दर वर्षी ते बाल्कनीतून "डावीकडे! अरे डावीकडे मोकळं आहे!" असं ओरडतात, आणि खरोखर डावीकडे मोकळं असतं. माणूस अंगापिंडाने मजबूत. त्यांनी प्रेमाने सरबत दिलं.

"मी बघतो ना इथून," ते म्हणाले. "इथून छान दिसतं. अहो, हा व्ह्यू बघूनच तर फ्लॅट घेतला."

"मॅच झाली नाही तर व्ह्यू राहणार नाही, काका," जॉयस म्हणाली, आणि ठरावाची गोष्ट त्यांना सांगितली.

सदानंदांनी मोबाईल हातात घेतला. मग म्हणाले, "वाईट आहे हो. मी ग्रुपवर टाकतो." आणि त्यांनी खरोखर टाकलं. टॉवरच्या ग्रुपवर त्याला एकशे तीस रडके चेहरे आले. अकरावा माणूस आला नाही.

परतताना आम्ही सरांच्या मागच्या दारावरून आलो. क्लाराबाई सामन्याच्या दिवशी दोन्ही संघांना तांदळाची वाफवलेली सांदणं करून घालतात. त्या पातेल्यात तांदूळ भिजत घालत होत्या.

"बाई, आमचे दहाच आहेत अजून," मी म्हणालो.

"मी तुमच्या अकरा जणांचे घातलेत," त्या मान वर न करता म्हणाल्या. "मेलबर्नला सांदणं फुगत नाहीत. सुझान सांगते. थंडी असते तिथे."

तेव्हा आता सामन्याचा अंदाज. अकरा झाले तर शार्क्स आम्हाला आरामात हरवतील, कारण त्यांच्याकडे आर्या आहे आणि आमच्याकडे मी आहे. सर हरल्यावर चार दिवस बोलणार नाहीत आणि पाचव्या दिवशी पुढच्या वर्षीची चाल आखायला बसतील. दहा राहिले तर शार्क्स न खेळताच जिंकतील, आणि त्यानंतर तिथे जे उभं राहील त्याला कुणालाच आडवं करता येणार नाही.

अकराव्या खेळाडूची निवड समितीने काल केली. समितीत जॉयस आणि मी. उमेदवार कसा असावा यावर आमचं चटकन एकमत झालं. खेळाची माहिती असावी. दोन्ही बाजूंचे खेळाडू नावानिशी ओळखीचे असावेत. सामना व्हावा असं त्याला मनापासून वाटत असावं. आणि वेळ असावा. पहिल्या तीन अटींत आमचे सगळे चाहते बसतात, पण वेळ असल्याचा पुरावा कुणी देत नाही; ज्याला विचारावं तो रविवारी बिझी.

"हा अंदाज जो शेवटपर्यंत वाचेल," जॉयस म्हणाली, "त्याला वेळ आहे."

तेव्हा निवडीबद्दल आपलं अभिनंदन. रविवारी साडेतीनला या. फोम आम्ही देऊ. हेल्मेट मात्र स्वतःचं आणायचं आहे. आरशाला लटकवलेलं आहे ते चालेल, अजून कोरंच असेल.