सज्जनांचं नेटवर्क

“माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही,” असं भाऊजी स्वतःविषयी सांगत. “आणि सुटलीच, तर ती मी मुद्दाम सोडलेली असते.” चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या या गृहस्थांनी आजवर एकाही गुन्ह्याचा छडा लावला नव्हता, पण तेवढ्यावरून हेरगिरी सोडण्यातले ते नव्हते. त्यांचा मदतनीस म्हणजे त्यांचा मेहुणा. तो बहिणीकडे राहायचा आणि घरूनच एका कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकायचा. उरलेल्या वेळात भाऊजींचं ऐकायचा.

एका सकाळी राउटरला काय काय जोडलंय, ते संगणकावर बघताना भाऊजी ताडकन उठले.

“घुसखोर! टीव्ही आपला, प्रिंटर आपला, तुझी आणि तुझ्या ताईची यंत्रं ओळखली. हा कोण? ना नाव ना गाव, नुसते आकडे!”

पहिला संशय वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यावर गेला. “लोकांच्या तोंडातलं काढतो, त्याला आपलं नेट काय जड आहे?” मग शेजारच्या मांजरावर, कारण ते उबेला राउटरशेजारी झोपायचं. शेवटी राउटरच्या नोंदींतून एक भयंकर गोष्ट उघड झाली. भाऊजी दुकानात गेले की घुसखोर गायब, घरी आले की हजर.

“माझ्या येण्याजाण्यावर पाळत आहे. म्हणजे घरचाच भेदी! रविवारपर्यंत निर्दोष ठर, नाहीतर बिऱ्हाड हलव.”

मेहुण्याने खोल्यांच्या भाड्यांची चौकशी केली. दुसरी खोली परवडत नव्हती, आणि घरात नेट नाही तर नोकरीही नाही.

भाऊजींनी दुसरा राउटर आणून पहिल्याला वायरीने जोडला. कनेक्शन एकच, नेटवर्कं दोन: एक संशयितांचं, एक सज्जनांचं. संशयितांत मेहुणा, ताई, टीव्ही आणि प्रिंटर. सज्जनांत एकटे भाऊजी. तिथला पासवर्ड ते मनातसुद्धा हळू आवाजात म्हणत.

रविवारी घुसखोर थेट सज्जनांत निघाला.

“भर पेटी!” भाऊजी गरजले. मेहुण्याने शर्ट भरायला घेतले.

ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. “पासवर्ड कुणाला माहीत होता?”

“फक्त मला.”

“मग आत कोण कोण आहे?”

“माझा संगणक आणि तो चोर.”

“आणि तुमचा मोबाईल?”

भाऊजींनी खिसा चाचपला. “तो कशाला मोजू? तो माझा आहे.”

ताईने मोबाईल काढून घेतला आणि बंद केला. पडद्यावरचा घुसखोर नाहीसा झाला. भाऊजी बराच वेळ चष्मा पुसत राहिले. तेवढ्यात ताईने दोन्ही पासवर्ड बदलले, भावाच्या कानात सांगितले आणि पुन्हा घड्या घालायला बसली.

संध्याकाळी भाऊजी मेहुण्याच्या दारात घुटमळले. “अरे, ते नेट जरा...”

मेहुण्याला मनापासून आनंद झाला. तो नोकरीतल्या मंजुळ आवाजात म्हणाला, “आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. कृपया थोडी वाट पाहा.”

आणि पेटीतला एकेक शर्ट काढून तो सावकाश कपाटात लावू लागला.