आईनं वाढण्याचा शॉट

"एका टेकमध्ये घेतो!" कोलोन शहरातल्या त्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकताच दिनकररावांनी जाहीर केलं. का नाही करणार? सातव्या वर्षी लंडनला गेलेले दिनकरराव ब्रिटिश टेलिव्हिजनमध्ये अडतीस वर्षं दिग्दर्शक आणि निर्माते होते. त्यांनी मंत्र्यांना रडवलं होतं, पेंग्विनना रांगेत चालवलं होतं! जर्मनीतल्या मराठी घरांवरचा हा त्यांचा शेवटचा कार्यक्रम. आज फक्त एक शॉट हवा होता, आई मुलाला पुरणपोळी वाढते, एवढाच.

खरी गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. जगभर कॅमेरा घेऊन हिंडले, पण स्वतःच्या आईचं तीन सेकंदांचंही चित्रण त्यांच्याकडे नव्हतं. दर वेळी "पुढच्या सुट्टीत घेऊ" म्हणत राहिले आणि आई गेली. तिचा तो वाढणारा हात त्यांना एकदा बघायचा होता, दुसऱ्या कुणाच्या आईचा का होईना!

मुलगा सिद्धेश, मोटारींचा इंजिनियर, पानावर बसला. पुण्याहून आलेल्या त्याच्या आई शोभनाकाकू पोळी घेऊन निघाल्या आणि मुलाला ओलांडून थेट कॅमेरामन युर्गनपाशी पोचल्या!

"कट! काकू, मुलाला वाढा."

"अहो दिनकरराव, पाहुणे उपाशी आणि घरचा माणूस आधी जेवणार? भलतंच काय!"

झालं! आधी युर्गनला जेवायला बसवलं. चौथ्या पोळीला तो काकुळतीनं म्हणाला, "नाइन, डांके!"

"आई, तो खरंच नको म्हणतोय."

"सगळे तसंच म्हणतात रे!" काकूंनी पोळी वाढलीच, वर तुपाची धार.

दुसऱ्या टेकला काकूंना आवाज टिपणारं मशीन धरलेली ध्वनिमुद्रक आंके दिसली. तिसऱ्या टेकला पार्सल घेऊन आलेला माणूस दिसला. तोही दोन पोळ्या खाऊन गेला! एव्हाना युर्गन पट्टा सैल करून सोफ्यावर आडवा झाला होता आणि नोव्हेंबरचा उजेड चालला होता.

"काकू, आता सगळे जेवले! आता तरी..."

"सगळे कुठे? तुम्ही?"

"मी कामावर असताना जेवत नाही."

"अरे, सकाळपासून नुसता ओरडतोयस! बस बघू आधी."

अहोचं अरे झालं आणि दिनकरराव मुकाट्यानं बसले. पहिली पोळी संपली तोच समोर पुन्हा हात आला. मनगटाला पीठ, बोटांना तूप. "अजून एक, माझ्यासाठी," काकू म्हणाल्या. दिनकररावांना हुंदका आवरेना. आई फार फार आठवली. डोळ्यांतलं पाणी सरळ तुपात पडत होतं आणि ते तसेच जेवत होते.

"किती सुंदर शॉट!" आंके पुटपुटली. मग सगळ्यांनी सोफ्याकडे पाहिलं. युर्गन घोरत होता!

"परत घेऊया?" सिद्धेशनं भीतभीत विचारलं.

दिनकररावांनी बाहीनं नाक पुसलं आणि ताट पुढे केलं. "काकू, पोळी?"

"संपल्या रे! भात लावते. थांबशील ना?"

सहाचं विमान होतं. लंडनला मीटिंग होती.

"थांबतो," दिनकरराव म्हणाले.

आणि सकाळपासून रिकाम्या पानावर बसलेला सिद्धेश निमूटपणे तांदूळ धुवायला उठला!