भोयरकाकांचा टीपकागद

“हे तेल परवाचं हाये.”

कॅन्टीनच्या रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांनी हे सांगितलं. तक्रारीचा सूर नव्हता. किती वाजले ते सांगावं, तसं सांगितलं. कॅन्टीनवाले गुड्डूभाऊ हातातला झारा तसाच धरून म्हणाले, “काका, तुम्ही आलुबोंडा घेऊन राह्यले का त्याची जन्मपत्रिका पाहून राह्यले?”

काकांनी खिशातून टीपकागदाची पट्टी काढली, आलुबोंड्यावर दाबली आणि उन्हाकडे धरली. तेलानं ती काचेसारखी आरपार झाली होती. “हे पाह्य. याच्यातून वर्गाची हजेरी घेता येईन.”

मागची मुलं हसली. मी हसले नाही. मी आलुबोंड्याची मागणी तत्काळ रद्द केली. मनातल्या मनात, कारण मोठ्यानं ती केलेलीच नव्हती.

हे भोयरकाका. वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होते. वाळवलेली पानंफुलं दाबून ठेवायला जो टीपकागद लागतो, त्याच्या कापून उरलेल्या पट्ट्या त्यांच्या खिशात असत. भजी, समोसा, कोथिंबिरीची सांबारवडी, कशावरही पट्टी दाबायची, मागे पेन्सिलीनं पदार्थाचं नाव, वार आणि वेळ लिहायची. नमुन्याला लेबल नसेल तर त्यांना चैन पडत नसे. कपाटातल्या एका फाइलमध्ये शेवंती आणि सदाफुलीच्या शेजारी ‘समोसा, कॅन्टीन, सोमवार’ मी स्वतः पाहिला आहे.

त्यांचा आवडता प्रश्न एकच: “कधीचं हाये?” हा प्रश्न ते खडूला विचारत, स्पिरिटला विचारत. नवे सर रुजू झाले तेव्हा काकांनी हेडक्लार्कला विचारलं, “कधीचे हायेत?” गॅदरिंगला पाहुण्यांचं भाषण चाललं होतं, तेव्हा शेवटच्या रांगेतून स्पष्ट ऐकू आलं, “हे तं मागच्या वर्षीचं हाये.” आणि ते खरोखरच मागच्या वर्षीचं होतं. पाहुणेही तेच होते.

सगळ्यांना काकांची गंमत वाटे. मला मात्र त्यांचा आधार वाटे, आणि त्याचं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं.

पहिल्या वर्षी मला कावीळ झाली होती. दोन महिने मी नाचणगावला घरी पडून होते. बाबा आमच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना माझ्या डोळ्यांचा रंग सांगत. मी कॉलेजला परत निघताना त्यांनी एवढंच सांगितलं, “पुन्हा आजारी पडलीस तर सामान बांधायचं. बी.एस्सी. बंद. घरी राहून बी.ए.ची परीक्षा दे.” बाबा बोलतात ते करतात. डॉक्टरांनी शिळं, उघडं, तेलकट असं सगळंच बंद केलं होतं. पिपरी मेघेला मी खोली घेऊन राहत होते, तिथल्या मालकीणबाई फक्त संध्याकाळचं जेवण देत. म्हणजे माझं बी.एस्सी. रोज दुपारी बारा ते एक या वेळात गुड्डूभाऊंच्या काउंटरवर ठरणार होतं.

मी रोज सकाळी आरशात आधी डोळे बघायची, मग केस विंचरायची. पोटात जरा गुडगुडलं की केमिस्ट्रीच्या तासाला मनात सामान बांधायला सुरुवात व्हायची.

ताजं आहे का, हे विचारायला काय लागतं? तोंड लागतं. ते माझ्याकडे नव्हतं. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मुलं मला ‘कॉन्व्हेंट’ म्हणत. मी मनात वाक्य जुळवेपर्यंत माझ्या खांद्यावरून दहा हात पुढे गेलेले असत. “भाऊ, एक पोहे! तर्री मारजो जोरात!” असं ओरडणाऱ्या मुलींकडे मी विमानाकडे बघावं तसं बघायची.

म्हणून मी एक युक्ती काढली. भोयरकाकांच्या बरोबर मागे उभं राहायचं. त्यांनी वास घेऊन, पट्टी दाबून नाकारलं ते मी नाकारायचं. त्यांनी घेतलं ते घ्यायचं. ते बहुतेक वेळा म्हणत, “पोहे. आत्ताचे कढईतले. तर्री नाई. सांबार जास्त.” तर्री म्हणजे पोह्यांवर ओततात तो तेलकट, तिखट रस्सा, आणि सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. मग मी माझं एकुलतं वाक्य बोलायची: “मलाही तेच.”

गुड्डूभाऊ कपाळावर हात मारत. “तर्रीबिगर पोहे! दोघंबी बिमार हायेत का?”

काका मागे वळून बघत नसत. प्लेट घेऊन प्रयोगशाळेकडे निघून जात. त्यांना माझा पत्ताच नाही, अशी माझी खात्री होती.

असे चार महिने गेले. मग दोन दिवस काका रजेवर होते. मी दोन्ही दिवस ग्लुकोजच्या बिस्किटांवर काढले. तिसऱ्या दिवशी ते रांगेत दिसले, तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं.

त्याच दिवशी रेकॉर्ड बुक प्रयोगशाळेत विसरलं, म्हणून मी पाच वाजता परत गेले. सगळे गेले होते. खिडकीजवळच्या टेबलावर रोपांवर झाकतो ती मोठी काचेची हंडी होती. तिच्याखाली पोह्यांची प्लेट. न उष्टावलेली. सांबार मलूल होऊन काळपट पडला होता. शेजारी टीपकागदाचं लेबल: ‘पोहे, गुरुवार, सव्वाबारा.’

काका सायकलची पिशवी घेऊन आले आणि हंडी उचलून पोहे स्टीलच्या डब्यात भरू लागले. मला बघून त्यांचा हात थांबला.

“काका, हे... दुपारचे?” मी कसंबसं विचारलं.

“रातच्याले खातो. एकट्यासाठी स्टो पेटवाले मन होत नाई.”

“मग दुपारी का नाही खाल्लेत?”

“दुपारी मले जातच नाई. बायको होती तवा बाराच्या ठोक्याले तिचा डबा ये. गरम. ते गेली तं दुपारची भूकच गेली.” त्यांनी झाकण लावलं. ते नीट बसेना.

“मग रोज घेता कशाला?”

काका झाकणाशीच खटपट करत राहिले. “मी घेतल्याबिगर तू घेत नाई ना, बेटा. दोन दिवस मी नोतो, तं गुड्डू सांगे, ते कॉन्व्हेंटवाली पोरगी बिस्किट खाऊन राह्यली. काविळीतून उठलेल्या माणसानं बिस्किटावर राहाव का?”

मला कावीळ झाली होती, हे त्यांना माहीत होतं. माझा आजारपणाचा अर्ज विभागप्रमुखांच्या टेबलावर त्यांनीच नेऊन ठेवला असणार. रेकॉर्ड बुक छातीशी धरून मी खोलीवर आले. त्या संध्याकाळी मालकीणबाईंनी गरम वरण वाढलं, तेव्हा मला तो डबा दिसत राहिला. अख्ख्या कॉलेजला तेलाचं वय विचारणाऱ्या माणसाला घरी “कधीचं हाये?” विचारणारं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता मी रांगेत उभी राहिले. काका आले, नेहमीप्रमाणे माझ्या पुढे जायला निघाले. मी सरकले नाही. ते गोंधळून मागे थांबले. माझ्या खांद्यावरून हात पुढे येऊ लागले. मी काउंटरला घट्ट धरलं, कढईवर वाकून काकांसारखाच वास घेतला, आणि माझा आवाज इतका मोठा निघाला की झारा घेतलेले गुड्डूभाऊ दचकले.

“गुड्डूभाऊ, हे कधीचं हाये? नवीन टाका. दोन प्लेट, सांबार जास्त. आणि बाकडं पुसून द्या, काका आज माझ्यासोबत इथंच जेवणार आहेत.”