प्रणय सरांचा कळप

रंजिताच्या चुलत बहिणीचं, वैष्णवीचं लग्न रविवारी किन्हवलीत, आणि नेमकी त्याच रविवारी प्रणय सरांना ऑफिसात एकी आणायची हुक्की आली. आसनगावच्या गोदामाचं ते ऑफिस म्हणजे सात टाळकी आणि सतरा भांडणं. डबा कोणी उघडला यावरून तिथे आठवडाभर अबोला चालायचा. सरांनी मोबाइलवर कसलासा कोर्स केला आणि त्यांना साक्षात्कार झाला, की एकी शिकावी तर घोड्यांकडून.

"सर, मी करवली हाय. नवरीच्या पाठी मलाच उभं र्‍हायचंय. एवढी सुट्टी द्या ना," रंजिता म्हणाली.

"लग्नं काय, रोज होतात. टीम रोज बनत नाही."

वैष्णवीला सख्खी बहीण नव्हती. "तू नाय आलीस तं मी बोहल्यावर चढनारच नाय," असं तिने बजावून ठेवलं होतं. पण पोटापुढे कोणाचं चालतं? सरांच्या सात पिढ्यांचा मनातल्या मनात उद्धार करत रंजिता किन्हवलीजवळच्या फार्महाउसवर हजर झाली.

तिथे कळप म्हणून उभ्या होत्या कमळू वरातवाल्याच्या तीन घोड्या. वरातीच्या घोडीला कळप काय ठाऊक? बँडबाजा आणि पाठीवर घामेजलेला नवरा, एवढंच तिचं जग. पण सरांना सांगणार कोण! शहाणे उंटावर बसतात म्हणे. हे घोडीवर चढायला निघाले होते.

"कळपात एक पुढारी असतो," सर म्हणाले. "तो जाईल तिकडे सगळे जातात. का, कुठे, असं कोणी विचारत नाही. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. आज पुढारी मी!"

"सायेब, पाचला माजी हितंच वरात हाय," कमळू म्हणाला. "आन लगाम माज्या हातात र्‍हाऊ द्या."

"कळपात बाहेरच्या माणसाने ढवळाढवळ करायची नाही."

कमळूला कुंपणाबाहेर घालवलं गेलं. पाच वाजून गेले तरी सरांचा उत्साह ओसरेना. शेवटी फोटोसाठी त्यांनी फेटा बांधला आणि दोघांच्या आधाराने ते थोरल्या घोडीवर, चांदणीवर, चढले. तेवढ्यात मारुतीच्या देवळापाशी बँड वाजला.

चांदणीने कान टवकारले आणि ती सरळ फाटकाबाहेर पडली. सर जन्मात पहिल्यांदाच घोडीवर बसलेले. दोन्ही मुठींत आयाळ धरून ते ओरडले, "थांबवा हिला!" ऑफिसचा कळप मात्र शिस्तीत मागोमाग चालला. 'का' विचारलं नाही, 'कुठे' विचारलं नाही. कमळूही निवांत मागून आला. त्याची वरात तिकडेच तर होती.

खरा नवरा अजून देवळात पाया पडत होता. बँडवाल्यांना घोडी दिसली, वर फेटा दिसला. त्यांना आणखी काय हवं? ते वळून मांडवाकडे निघाले. बँड थांबेपर्यंत घोडी थांबेना आणि घोडी थांबेपर्यंत बँड. "मी नवरा नाही हो!" सर कोकलत होते, पण ताशापुढे मॅनेजरचं कोण ऐकतो?

मांडवाच्या दारात वैष्णवीची आई, सुंदरा काकी, ताट घेऊन उभी होती. तिचे डोळे पाण्याने भरलेले, त्यात समोरून उन्हं. तिने मनोभावे ओवाळलं. नवरीचा भाऊ प्रज्वल भारी हौशी. कान पिळायचा त्याचा मान खरं तर विधीच्या वेळचा, पण त्याला दम कुठला? त्याने सर खाली उतरताच कान धरला आणि असा पिळला की फेटा सुटून गळ्यात आला.

"गो माय! ह्यो कोन?" काकी किंचाळली.

मागून खरा नवरा मुंडावळ्या सावरत, धापा टाकत पायी पोचला. त्या गोंधळात रंजिता केव्हाच आत शिरली होती. अंतरपाट धरला तेव्हा ऑफिसच्या टी-शर्टवर काकीचा शेला पांघरून ती वैष्णवीच्या पाठी उभी होती, आणि वैष्णवीने मागे वळून दोनदा खात्री करून घेतली.

ओवाळलेल्या माणसाला उपाशी कसं धाडायचं, म्हणून काकीने सरांना पंगतीत बसवलं. त्यांचा कान अजून लालबुंद होता. रंजिता जिलेबी घेऊन वाढायला आली.

"रंजिता, एवढी माणसं होतात. एकालाही मला थांबवावंसं वाटलं नाही?"

तिने पानात दोन जिलेब्या जास्त घातल्या.

"कसं थांबवनार, सर? आपल्या ऑफिसात पयल्यांदाच सगल्यांचं एकमत झालं व्हतं."