सासूबाईंची सीमापार वाहतूक

जनुकीय बदल केलेला कोणताही सजीव देशाची सीमा ओलांडणार असेल, तर स्वीकारणाऱ्या देशाची आगाऊ संमती घ्यावी लागते. मानवजातीचं भवितव्य या आंतरराष्ट्रीय नियमावर उभं आहे, असं प्रयोगशाळेचे सुरक्षा अधिकारी मानत. त्या संध्याकाळी मानवजातीचं भवितव्य त्यांच्या सासूबाईंच्या पोटात होतं.

घडलं ते सगळं नियमानुसारच. दुपारी संशोधक बाईंच्या टेबलावर एक प्रायोगिक टोमॅटो उघडा पडलेला दिसला. अधिकाऱ्यांनी तो तत्काळ जप्त केला आणि हाताशी असलेल्या सर्वांत घट्ट झाकणाच्या डब्यात बंद केला. डबा त्यांचा जेवणाचा होता. संध्याकाळी, रोजच्या सवयीनं, तो त्यांच्याबरोबर घरी आला.

हातपाय धुऊन येईपर्यंत डबा रिकामा झाला होता.

"यातला टोमॅटो कुठाय?"

"खाल्ला," बॅगेची चेन ओढत सासूबाई म्हणाल्या. "मीठ लावून. बरा होता."

अधिकाऱ्यांनी रिकामा डबा उलटा करून पाहिला. टोमॅटोचं बी पोटातून जिवंत बाहेर पडतं आणि पडेल तिथं रुजतं, हे त्यांना पाठ होतं. आणि सासूबाई तासाभरात विमानतळाकडे निघणार होत्या, परदेशी, मुलाकडे. त्या राहायला आल्यापासून तीन महिने बैठकीच्या सोफ्यावर पाय दुमडून झोपताना अधिकाऱ्यांनी जिच्याकडे डोळे लावले होते, ती घटका दाराशी आली होती.

"आईंना जाता येणार नाही," ते आत जाऊन बायकोला म्हणाले. हे शब्द आपल्याच तोंडून निघाले, यावर त्यांचा विश्वास बसेना.

"डोकं फिरलंय का तुमचं?"

"बी त्यांच्या पोटात आहे. त्या देशाची संमती लागेल."

"दादानं तिकीट पाठवलंय. आणखी कसली संमती?"

"तुझा दादा म्हणजे देश नव्हे!"

"मग तुम्हीच सांगा तिला. पोटात काय आहे, ते कुठून बाहेर येणार, सगळं नीट समजावून सांगा."

अधिकारी बाहेर आले. समजावण्याचं एकही वाक्य सासूबाईंसमोर उच्चारण्याजोगं नव्हतं. जमिनीकडे बघत ते एवढंच म्हणाले, "आई, नका जाऊ."

सासूबाईंचा हात चेनवरच थांबला. जावयाकडे पाहता पाहता त्यांचे डोळे भरून आले.

"पोटच्या पोरानं कधी अडवलं नाही हो मला असं." आणि तिथल्या तिथं त्यांनी मुलाला फोन लावला. "मी नाही येत रे. आता कायमची इथंच. जावई सोडतच नाहीत."

सकाळी अधिकारी गंभीर चेहऱ्यानं संशोधक बाईंसमोर उभे राहिले. डोळे तांबारले होते.

"काल तुमच्या टोमॅटोचं बी बाहेर गेलं. मी मोठ्या शर्थीनं देशाच्या सीमेआत रोखून धरलंय."

"बी?" बाईंनी चष्मा काढला. "साहेब, इतकी वर्षं आम्ही इथं काय करतोय, हे तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

"ते माझ्या अखत्यारीत येत नाही."

"बिनबियांचा टोमॅटो करतोय," बाई म्हणाल्या. "गेल्या वर्षीच जमला."