आप्पासोंनी कॅमेरा उघडला

कडेगावच्या आप्पासोंना राग यायला एरवी कारण लागत नसे. या वेळी मात्र कारण चांगलं दीड किलोचं होतं आणि त्यांच्याच गळ्यात लोंबत होतं.

पस्तीस वर्षं त्यांनी फिल्मच्या कॅमेऱ्यावर तालुक्यातली लग्नं टिपली. आता स्टुडिओ त्यांची लेक क्रांती चालवायची आणि तिनं फुल-फ्रेम डिजिटल कॅमेरा घेतला होता. रविवारी एका हळदीत आप्पासो खाली वाकले, तसा तो झुलला आणि नवरदेवाच्या आत्याच्या नाकावर जाऊन बसला. मंडप हसला. आप्पासो घरी आले ते धुमसतच.

सोमवारी सकाळी क्रांती अल्बम छापायला सांगलीला गेली. तिची पाठ वळायचा अवकाश, आप्पासोंनी जुना आणि नवा असे दोन्ही कॅमेरे स्वयंपाकघरात आणून शेजारी शेजारी मांडले.

"हे बग," ते बायकोला, हरणाबाईंना म्हणाले, "फिल्मची चौकट छत्तीस बाय चोवीस मिलिमीटर. ह्येचीबी तेवढीच. वर ह्येच्यात रीळ न्हाई, रीळ गुंडाळायचं चाक न्हाई. पिशवीतनं सामान काढल्यावर पिशवी हलकी व्हती का जड?"

"मला काय इचारताय? मी केलाय व्हय त्यो?"

"आत निस्ती पोकळी असनार. भारी दिसावा म्हनून फुगिवलाय! उघडून बघतोच."

"आवं, परवा इस्लामपूरचं लगीन हाय. पोरीची पयली मोठी आर्डर—"

"मला शानपना शिकवू नगंस!"

(आप्पासोंनी आयुष्यात दुरुस्त केलेली एकमेव वस्तू म्हणजे घरची इस्त्री. ती लावली की अजून अख्ख्या आळीची लाईट जाते.)

सात स्क्रू निघाले. पाठ काही निघेना. आपल्याच घरात आपल्याशी ही मुजोरी! आप्पासोंनी दात-ओठ खात फटीत उलथण्याचं टोक घातलं. कट् असा आवाज झाला, एक कोपरा उचकटला, आतली कागदासारखी पट्टी सुटली आणि पाठीवरचा चालू पडदा काळाठिक्कर पडला. धक्क्यानं एक स्क्रू उडाला तो थेट थालीपिठाच्या भाजणीत.

 हरणाबाईंनी भाजणी चाळली, स्क्रू नवऱ्याच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "मिरजंची यस्टी हाय धाची."

मिरजेत कॅमेरे दुरुस्त करणारी माया नावाची बाई होती. आप्पासो दुकानात शिरले ते भांडतच.

"ह्यो एवढा जाड कशापायी, ते आधी सांगा!"

मायानं शांतपणे भिंग डोळ्याला लावलं. "काका, फिल्म कागदाएवढी पातळ. तिच्यामागं एक पत्रा आणि झाकण, संपलं. इथं फिल्मच्या जागी सेन्सर. त्याच्यापुढं काचा, मागं सर्किटची पाटी, त्याच्यामागं पडदा. हात हलला तर सेन्सरला सावरायला चुंबकं. तो तापतो, म्हणून उष्णता बाहेर जायला धातू. शिवाय बॅटरी. फोटो काढणं, धुणं, साठवणं, दाखवणं, सगळं ह्याच्याच पोटात."

"म्हंजी माझी अंधारखोली ह्येच्यात भरलीया?"

"तसंच समजा."

 आप्पासोंना उत्तर पटलं होतं आणि पटल्याचाच आता राग येत होता. पट्टी जागेवर बसली, स्क्रू बसले, पडदा उजळला. परवाचं लग्न वाचलं.

कॅमेरा परत देताना मायानं उलटा केला. "खालून नाही उघडलात, हे नशीब. पाठीचे उरलेले स्क्रू ह्या बुडाच्या पेटीखाली असतात, तेही निघाले असते तर अख्खी पाठच हातात आली असती." असं म्हणून तिनं बुडाचं एक चाक नुसत्या बोटानं फिरवलं. टुपकन कॅमेऱ्याचा खालचा तिसरा हिस्सा सुटून तिच्या हातात आला. उरलेला कॅमेरा निम्मा वाटू लागला.

"ह्ये... ह्ये काय?"

"जादा बॅटरीची पेटी. नको असेल तेव्हा काढून ठेवायची. मूळ कॅमेरा जुन्यापेक्षा थोडाच मोठा आहे."

आप्पासोंच्या कानशिलाची शीर तडतडली. त्यांनी तिथंच क्रांतीला फोन लावला. "ही पेटी सुटती, ह्ये मला सांगितलं का न्हाईस गं?"

"सांगत हुते की पयल्याच दिवशी!" पलीकडून तीही तेवढ्याच जोरात ओरडली. "तुमीच म्हनालासा, पाच न्हाई, पस्तीस वर्सं कॅमेरा धरलाय, गप बस!"

फोन बंद झाला. मायानं विचारलं, "पेटी सुटी देऊ का, काका?"

"जोडा परत," आप्पासो गुरगुरले. "आनि घट्ट जोडा. घरी जाऊन बायकूम्होरं मी ही पेटी काढून आतली पोकळी दावनार हाय."